भवानीची काड्यापेटी

४ जानेवारी २००१

नव्या वर्षाची डायरी चौथ्या दिवशी सुरू करते आहे. पहिले तीन दिवस लिहिण्याजोगं काही घडलं नाही, आणि न घडलेलं लिहायची मला सवय नाही.

सकाळी आठला रत्नव्वाने फाटकाशी येऊन रोजची आरोळी ठोकली. "आक्का! भवानी करा की ओ!"

ही रत्नव्वा म्हणजे समोरच्या बंगल्याच्या गॅरेजात किराणा मांडून बसलेली बाई. बंगल्याचे मालक मुंबईला असतात. त्यांनी गॅरेज हिला भाड्याने दिलं आहे. मूळची सीमेकडची, निम्मं मराठी निम्मं कानडी बोलते, आणि दोन्ही ओरडून. दिवसाची पहिली विक्री माझ्या हातून झाली की धंदा बरा होतो, अशी हिची समजूत. त्यापायी रोज मला एक काड्यापेटी विकते. माझ्याकडे गॅसचा लायटर आहे. ओट्याखालचा अख्खा खण काड्यापेट्यांनी भरला आहे. उद्या घराला आग लागली तर विमा कंपनी मला तुरुंगात पाठवेल.

"मला नकोय," मी म्हणाले.

"न्हाई म्हणू नका आक्का. तुमच्या हाताला बरकत हाय. रात्री झोप लागली न्हवं? गुडघा काय म्हंतोय?"

गुडघ्याचा आणि भवानीचा काय संबंध? घेतली एक काड्यापेटी. अंधश्रद्धेला खतपाणी घालते आहे मी, टेलिफोन एक्स्चेंजची निवृत्त सुपरवायझर. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर ॲग्नेस वरून पाहत असतील तर त्यांनी कपाळाला हात लावला असेल.

पण लिहायचं होतं ते हे नाहीच. दुपारी शेजारचे आकाराम आण्णा धापा टाकत आले. बिद्रीच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. भोंग्यावर आवाज चढवून बोलायची सवय अजून गेलेली नाही.

"इंगवलेबाई, घात झाला! आपल्या गल्लीवर निळी पट्टी मारलीय!"

शहराचा सुधारित विकास आराखडा लोकांना बघायला लावला आहे. त्यात पिवळा रंग म्हणजे घरं आणि निळा म्हणजे दुकानं. आमच्या गल्लीच्या दोन्ही अंगांना निळी पट्टी, म्हणजे तळमजल्यावर दुकानांना परवानगी. कोपऱ्यावरचा मोकळा प्लॉट एका बिल्डरने घेतलाच आहे. तिथे खाली गाळे, वर फ्लॅट, आणि गाळ्यांत परमिट रूम येणार असं आण्णांनी पानपट्टीवर ऐकलं.

ही कॉलनी आम्ही घरं बांधून राहण्यासाठी घेतली. दारुड्यांनी माझ्या फाटकाला धरून उभं राहावं म्हणून नव्हे.

९ जानेवारी

आण्णांच्या गच्चीवर बैठक. कोल्हापुरात तीन माणसं आणि एक चहाची किटली जमली की कृती समिती होते. आमची समिती चहा यायच्या आधीच झाली. अध्यक्ष आकाराम आण्णा. मोर्चा काढायचा, रस्ता रोखायचा, पुतळा जाळायचा, इथपर्यंत चर्चा गेली. कुणाचा पुतळा हे ठरेना.

मी म्हटलं, "हरकती मागवल्यात ना? मग हरकत द्या. लेखी, मुद्देसूद."

"लिहिणार कोन?"

सगळी डोकी माझ्याकडे वळली. मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही.

"पर इंग्रजीत लिवा बाई," आण्णा म्हणाले. "मराठीला कोन भितंय?"

१२ जानेवारी

हरकत लिहिली. गल्लीच्या संपूर्ण लांबीत कोणत्याही निवासी प्लॉटवर कोणत्याही प्रकारचा व्यापार नसावा. फट ठेवली की त्यातून बिल्डर शिरतो, म्हणून एकही फट ठेवली नाही. आण्णांनी तिच्या शंभर प्रती काढून घरोघर सह्या घेतल्या. कॉलनीतल्या एकानेही वाचली नाही. रत्नव्वानेही अंगठा केला. "आक्कांनी लिवलंय म्हंजे चांगलंच असंल की."

२ फेब्रुवारी

लबाडी पकडली!

गुडघ्याने रात्रभर झोपू दिलं नाही म्हणून पहाटे खिडकीत बसले होते. पाहते तर रत्नव्वाचं दुकान उजाडायच्या आधीच उघडं. दुधाच्या पिशव्या घ्यायला गल्ली लोटलेली. कुणी पाव नेतंय, कुणी चहापत्ती. आठ वाजता हीच बाई पदर सावरत माझ्या फाटकाशी. "आक्का! भवानी करा की!"

मी तिला तिथेच धरलं. "पहाटेपासून अर्धी गल्ली तुझ्याकडून माल नेतेय. ती काय मुंजीची भिक्षा होती? दिवसाला भवानी किती वेळा होते गं तुझी?"

बाई जरा गांगरली. मग हसली. "ती दुधाची भवानी आक्का. ही दुकानाची."

"पैसे एकाच गल्ल्यात जातात ना?"

"गल्ला एकच हाय. पर द्याव दोन हायत."

काड्यापेटी घेतली. मात्र ही बाई मला फसवते हे आता ठाऊक झालं. माझ्याकडून रोज आठ आण्यांचा माल खपवायला इतकं नाटक!

२१ फेब्रुवारी

सुनावणी. नगररचना कार्यालयाच्या जिन्यात पान थुंकलेलं, आत पंखा बंद. साहेब माझ्या मुलाच्या वयाचे असते, मला मुलगा असता तर. माझ्याआधी तिघेजण मराठीत बोलले. त्या वेळात साहेबांनी चहा घेतला. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि ते खुर्चीत सरळ बसले. ह्याचा आनंद मानावा की ह्या देशाची कीव करावी, ते घरी येईपर्यंत ठरलं नाही.

मी म्हणाले, घर आणि बाजार ह्यांची सरमिसळ ही अडाणीपणाची खूण आहे. सुधारलेल्या शहरात माणूस राहतो एका ठिकाणी आणि खरेदीला जातो दुसऱ्या ठिकाणी.

"मॅडम, अगदी छोट्या गरजेच्या दुकानांचं काय?" साहेबांनी विचारलं. "सूट ठेवायची का?"

"सूट म्हणजे फट," मी म्हणाले.

आण्णांनी मागून टाळ्या वाजवल्या. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. परतताना रिक्षात म्हणाले, "बाई, नादच न्हाई! सायबाला घाम फुटला!"

१६ मे

जिंकलो. निळी पट्टी गेली, गल्ली संपूर्ण पिवळी. आण्णांनी फटाक्यांची माळ लावली आणि पेढे वाटले. पेढे रत्नव्वाच्या दुकानातून.

४ जून

रत्नव्वाला नोटीस आली. निवासी विभागात अनधिकृत व्यापार, पंधरा दिवसांत बंद करा.

बाई नोटीस घेऊन माझ्याकडे वाचून घ्यायला आली. मी वाचली. परत वाचली.

"काय म्हंत्यात आक्का?"

"मूर्खपणा आहे. उद्या मी जाते. माझी हरकत बारला होती, तुझ्या साबुदाण्याला नव्हे."

५ जून

साहेबांनी फाईल उघडून माझंच पान माझ्यापुढे ठेवलं. "मॅडम, कोणत्याही प्रकारचा व्यापार. तुमचेच शब्द."

"शब्द माझे आहेत. डोकं तुमचं वापरायचं होतं."

"सूट ठेवू का, विचारलं होतं मी."

उर्मट माणूस. आणि बिल्डरचं काय, विचारलं. तर म्हणे त्याच्या प्लॉटची दुसरी बाजू हमरस्त्यावर येते, आणि हमरस्ता निळाच आहे. त्याचे गाळे होणार, फक्त दारं तिकडून. परमिट रूमसाठी कुणी अर्जच केलेला नाही. मग पाच महिने आम्ही कुणाशी भांडलो?

मी विचारलं, "आता पिशवीभर मीठ आणायला म्हाताऱ्या माणसाने कुठे जायचं?"

त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "हे काय मॅडम, इथे. जवळच आहे."

नकाशावर सगळंच बोटभर असतं. ह्या लोकांना नोकरी देण्याआधी एक गुडघा काढून घेतला पाहिजे.

१८ जून

गॅरेजचं शटर पडलं. रत्नव्वाने डबे आणि वजनकाटा टेम्पोत घातला. कागलला भावाकडे चालली. मी फाटकाशी उभी होते. मी तिला सांगितलं की हा निव्वळ सरकारी अन्याय आहे आणि मी वर्तमानपत्रात लिहीन. तिने मान हलवली. टेम्पोत बसल्यावर म्हणाली, "आक्का, न्हाणीतली फरशी निसरडी झालीया. घासून घ्या कुनाकडनं तरी."

जाताना माणूस काय बोलतो, आणि ही काय बोलली!

९ जुलै

दुधासाठी हमरस्त्यापर्यंत जावं लागतं. ट्रक अंगावर चिखल उडवतात. आज परत येईपर्यंत दूध फाटलं, छत्री उलटली आणि माझं डोकं फिरलं. तीन घरं सोडून राहणारी धोंडुबाई मला रस्त्यात भेटली, ती तीन आठवड्यांनी. पूर्वी दुकानात रोज दिसायची आणि रोज तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकवायची. मला तो त्रास वाटे. आता ती सुनेबद्दल काय म्हणते हे जाणून घ्यायलाही जाऊन-येऊन पाऊण मैल चालायचं.

वर्तमानपत्राला दोन पत्रं पाठवली. छापली नाहीत.

३ ऑगस्ट

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षराला हसू नये.

न्हाणीघरात घसरले. उजवं मनगट मोडलं आणि गुडघ्याने कायमची रजा मागितली. सकाळी पडले ते दिवे लागेपर्यंत तिथेच. ओरडले. आकाराम आण्णांच्या घरी क्रिकेट चालू होतं, आणि कारखान्याचा भोंगा ऐकून ऐकून त्यांचे कान गेलेले. आठच्या सुमाराला कान फाटकाकडे लागले होते, उगीच सवयीने. कुणी आलं नाही. दुकान असतं तर ती हावरट बाई काड्यापेटी गळ्यात मारायला तरी कडमडली असती.

शेवटी सरपटत हॉलपर्यंत गेले, वायर ओढून फोन खाली पाडला आणि पुण्याला भाच्याला लावला. आदर्शने पुण्याहून आण्णांना फोन केला. मग आण्णा भिंतीवरून उडी मारून आले. दहा पावलांवरचा माणूस पुण्यामार्गे बोलवावा लागला. एक्स्चेंजमध्ये आयुष्य घालवलं, पण असा ट्रंककॉल मी कधी जोडला नव्हता.

ह्या सगळ्याला नगररचना कार्यालय जबाबदार आहे.

१० ऑगस्ट, पुणे

आदर्शचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर. भाचेसून चांगली आहे, मला काही करू देत नाही, त्यामुळे मला दिवसभर काही काम नसतं. आज जेवताना त्याने विषय काढलाच.

"मावशी, तिथे एकटी किती दिवस राहणार? घर विकूया. तो कोपऱ्यावरचा बिल्डर तुझा प्लॉटसुद्धा घ्यायला तयार आहे."

"त्याने तुला फोन केला?"

"आकाराम आण्णांनी नंबर दिला."

असं आहे तर.

"एखादी कामाची बाई ठेवली तर?" मी म्हटलं.

"ती दोन तास येणार. बाकीचे बावीस तास कोण बघणार तुझ्याकडे?"

मला उत्तर नसलं की फार राग येतो.

२६ ऑगस्ट, कोल्हापूर

आदर्शशी भांडून परत आले. महिनाभराची मुदत दिली आहे त्याने. मग प्लॉटचा व्यवहार, असं त्याचं म्हणणं. मुदत देतो मला! लहान असताना त्याचं नाक मी पुसलेलं आहे.

२९ ऑगस्ट

एस.टी.ने कागलला गेले, हात गळ्यात बांधून. रत्नव्वा भावाच्या परड्यात बसून शेंगा फोडत होती. भावजय चुलीपुढून बघत होती, शेंगा मोजत असल्यासारखी. मला बघून रत्नव्वा उठली नाही.

"यव्वा! हाताला काय झालं?"

"न्हाणीत पडले."

"फरशी घासून घेतली न्हाईसा." मग शेंगांकडे बघत म्हणाली, "कोन आलं उचलायला?"

"ते जाऊ दे. चल. माझी रस्त्याकडची खोली रिकामी आहे. खिडकी मोठी आहे, तिथूनच माल देता येईल. मागच्या खोलीत तू राहा."

"तुमीच घालवलासा, आनी आता तुमीच न्यायला आलासा व्हय?"

"मी नाही घालवलं. सरकारने घालवलं."

भावजय फिस्सकन हसली. रत्नव्वा मात्र हसली नाही. "परत कुनी अर्ज केला तर? हितं भावाच्या दारात निदान पाट हाय बसायला. दोनदा उठवून घ्यायला मी काय भांडं हाय?"

"कॉलनीत अर्ज लिहिणारी मी एकटीच आहे," मी म्हणाले. "आणि माझा उजवा हात मोडलाय."

तेव्हा हसली. शेंगांचं सूप भावजयीपुढे ठेवलं आणि पदराला हात पुसले.

४ सप्टेंबर

खिडकीतून दुकान सुरू. माझ्या आईच्या शिसवी मेजावर आता गुळाची ढेप बसली आहे. घरात हिंगाचा वास. पहाटे पाचला दुधाच्या क्रेटचा खडखडाट. धोंडुबाई येऊन सुनेबद्दल एवढं बोलून गेली की अडीच महिन्यांचा अनुशेष भरून निघाला.

आणि आठ वाजता, माझ्याच घरातून, माझ्याच दारावर थाप. "आक्का! भवानी करा की ओ!"

मी म्हटलं, "अगं, तू माझ्या घरात राहतेस!"

"म्हनून काय झालं? गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक."

२४ सप्टेंबर

मला नोटीस. निवासी विभागात अनधिकृत व्यापार. कुणीतरी तक्रार केली आहे. कार्यालयात जाऊन प्रत पाहिली. मजकूर माझाच, जानेवारीतला, शब्दन् शब्द. फक्त तारीख बदलली आहे, आणि शेवटी दोषी म्हणून माझं नाव चुकीच्या स्पेलिंगने घातलं आहे. सही आकाराम आण्णांची.

कुंपणावरून विचारलं. बिल्डरच्या हमरस्त्याकडच्या इमारतीत त्यांच्या मुलाने गाळा बुक केला आहे. जनरल स्टोअर्स.

"आण्णा, लाज नाही वाटत?"

"आता कायदा हाय त्यो बाई. तुमीच शिकिवलासा. आमाला इंग्रजी कुठलं येतंय?"

"तुमच्या मुलाच्या दुकानात मी ह्या गुडघ्याने कशी येऊ?"

"पोरगं घरपोच दील की! फोन करायचा."

"मी पडले होते तेव्हा फोन केलाच होता. पुण्यामार्गे."

आण्णा खाली बघून तुळशीला पाणी घालायला लागले. ती तुळस त्यांनी आधीच भिजवली होती.

३ ऑक्टोबर

सुनावणी. तोच जिना, तेच साहेब. पंखा सुरू झाला आहे. ह्या वेळी मराठीत बोलले. साहेबांनी चहा मागवला, पण घेतला नाही.

म्हणाले, "मॅडम, फेब्रुवारीत तुम्ही इथेच म्हणालात, घर आणि बाजाराची सरमिसळ हा अडाणीपणा."

"म्हणाले होते. आणि तुम्ही ते ऐकलंत. इंग्रजीत बोललं की तुम्ही लोक काहीही ऐकता. आता मराठीत ऐका. नकाशात दोन रंग करताना मधे कोण चालणार ते कुणी मोजलं का? चालू शकणाऱ्यांनी नकाशा काढला आणि न चालू शकणारे घरात अडकले. बिल्डरला हमरस्ता मिळाला. आम्हाला पिवळा रंग मिळाला. तो काय भाकरीला लावून खायचा?"

"नियम माझ्या हातात नाही हो."

"सूट तुमच्या हातात होती. तुम्ही विचारलंही होतंत."

"आणि तुम्ही नको म्हणालात."

मग रत्नव्वा, जिला मी गप्प बसायला बजावून आणलं होतं, उभी राहिली. "सायेब, ह्या एकट्या ऱ्हात्यात," म्हणाली आणि बसली. एवढंच. दुकानाबद्दल अवाक्षर नाही! वकील म्हणून आणलं असतं तर फी परत मागितली असती.

साहेबांनी चष्मा पुसला. सूट देता येते का, वर विचारतो म्हणाले. तोवर लेखी आदेश निघत नाही. आदेश निघाला तर दुकान सील होणार.

"या सील करायला," मी म्हणाले. "पण आठच्या आधी येऊ नका. भवानी व्हायची असते."

५ ऑक्टोबर

आदर्शचा फोन. मुदत संपली. मी म्हटलं, प्लॉट विकायचा नाही, माझ्यावर खटला चालू आहे आणि आरोपीला गाव सोडता येत नाही. हसून फोन ठेवला त्याने. रविवारी येऊन स्वतः बघणार आहे. बघू दे.

६ ऑक्टोबर

आज ठरवलं, ह्या भवानीच्या थोतांडाचा निकाल लावायचा. आठ वाजता थाप पडली तेव्हा जागी होते. उत्तर दिलं नाही. पलंगावर पडून राहिले. कळू दे हिला, एक दिवस भवानी झाली नाही तर काही आभाळ कोसळत नाही.

"आक्का?"

गप्प.

"ओ आक्का!"

खिडकीवर गिऱ्हाईक ओरडत होतं, "ओ मावशी, साखर द्या की!" त्याला तिने कानडीत काहीतरी हासडलं. मग धाड, धाड! दोन किलोचं वजन घेऊन ती माझं दार फोडत होती. उठून उघडेपर्यंत कडी वाकली आणि सागवानी फळीला खोक पडली. समोर बाई उभी. चेहरा पांढरा, हातात वजन, पदर जमिनीवर.

"काय हे? वेड लागलं तुला?" मी ओरडले.

दाराच्या चौकटीला धरून खालीच बसली. मग वर बघून मला कानडीत शिव्या घातल्या. बराच वेळ. मला कानडी येत नाही, पण त्या माझ्या आईपर्यंत पोचल्या एवढं कळलं.

आठ आण्यांसाठी इतका जीव काढणारी बाई मी जन्मात पाहिली नाही. दार दुरुस्त करायला सुतार बोलवावा लागेल.

काड्यापेटी घेतली. ओट्याखालचा पहिला खण बंद होईना. दुपारी दुसऱ्या खणातली आईची चांदीच्या चमच्यांची पेटी काढून कपाटात ठेवली आणि तो रिकामा केला.